रस्त्यावरचा चित्रकार आणि तांब्याचा पत्रा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलण्याचे आमंत्रण दिले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी साधा ड्रॉइंगमास्तर. आयुष्यभर मुलांकडून फुलदाण्या आणि केळी काढून घेतली. मी काय व्याख्यान देणार?" ते म्हणाले, "सर, इंजिनियर आणि डॉक्टर दरवर्षीच बोलतात. यंदा आपण बोला." तेव्हा मी आज आपल्यापुढे एका चित्रकाराची हकिकत ठेवणार आहे आणि शेवटी माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देणार आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐकावे ही विनंती.

या चित्रकाराचे नाव सोमनाथ होर. त्यांचा जन्म १९२१ साली चितगाव जिल्ह्यातील बारामा या खेड्यात झाला. आज तो भाग बांगलादेशात आहे. सोमनाथ कलकत्त्याला शिकायला गेले ते विज्ञानाची पदवी घेण्यासाठी. चित्रकार व्हावे असे त्यांच्या घरात कोणी ठरवलेले नव्हते. पण दुसरे महायुद्ध भडकले, ब्रह्मदेश जपान्यांच्या ताब्यात गेला आणि १९४२ साली चितगावच्या परिसरावर जपानी विमानांनी बाँब टाकले. कॉलेज सोडून गावी परतलेल्या या तरुणाने बाँबने छिन्नविच्छिन्न झालेली माणसे डोळ्यांनी पाहिली, आणि कोणी सांगितले नसताना कागद घेऊन ती रेखाटली.

पाठोपाठ १९४३ चा बंगालचा दुष्काळ आला. तो केवळ पाऊस न पडल्यामुळे आलेला दुष्काळ नव्हता. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला होता. जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रज सरकारने किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतून तांदळाचे साठे हलवले, हजारो होड्या जप्त केल्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूर भागाला मोठ्या वादळाने झोडपले. युद्धामुळे भाव चढले आणि साठेबाजांनी धान्य दडवले. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या घरात नेला. मेले ते मुख्यतः शेतमजूर, कोळी आणि छोटे कारागीर. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. भूक कोणाला नाव विचारीत नाही.

त्या दिवसांत सोमनाथ कम्युनिस्ट पक्षासाठी हाताने पोस्टरे रंगवीत असत. स्वस्त कागद, घरगुती रंग आणि चिकटवायला भिंत. ही पोस्टरे कुठल्या दालनात लागत नसत. ती रस्त्यावर लागत, बाजारात लागत, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी असत. चितगावातच चित्तप्रसाद भट्टाचार्य नावाचे वयाने थोडे मोठे चित्रकार त्यांना भेटले. चित्तप्रसाद त्यांना घेऊन रस्त्यावर आणि इस्पितळात गेले. मरणाऱ्या माणसासमोर बसून, त्याच्याकडे पाहून चित्र कसे काढायचे ते त्यांनी शिकवले. हेच चित्तप्रसाद पुढे मुंबईत आले आणि बरीच वर्षे अंधेरीत राहिले. लिनोलियमवर कोरून त्यांनी कष्टकरी मुलांची चित्रे छापली. दुष्काळावरची त्यांची पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून जाळली होती. काळ्या रेघांनी भरलेल्या काही पानांची सत्तेला एवढी धास्ती वाटावी, यावरून चित्राची ताकद आपल्या ध्यानात येईल.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे. १९४५ च्या सुमारास सोमनाथ कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले. तिथे त्यांना दोन शिक्षक लाभले. एक जैनुल आबेदीन, दुसरे सफीउद्दीन अहमद. जैनुल आबेदीन पोलीस खात्यातील एका नोकरदाराचे चिरंजीव. मुलाच्या चित्रकलेच्या शिक्षणासाठी त्यांच्या आईने गळ्यातला दागिना विकला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९४३ मध्ये कलकत्त्याच्या फुटपाथवर बसून त्यांनी साध्या कागदावर काळ्या शाईने भुकेल्या माणसांची जी रेखाचित्रे केली, ती आज सर्व जगाला ठाऊक आहेत. फाळणीनंतर त्यांनी ढाक्यात १९४८ साली कलाशाळा उभी केली आणि बंगाली लोकांनी त्यांना 'शिल्पाचार्य' म्हणून गौरविले. सफीउद्दीन अहमद यांनी लाकडावर कोरून छाप घेण्याची विद्या सोमनाथना दिली. तेही पुढे ढाक्याला गेले आणि तिथल्या मुद्राचित्रणाचे जनक मानले गेले. देश दुभंगला, उस्ताद एका बाजूला गेले आणि शागीर्द दुसऱ्या बाजूला राहिला. पण हातातून हातात गेलेल्या विद्येला सरहद्द अडवू शकली नाही. त्या आईच्या दागिन्याची किंमत कुठल्या तराजूत करायची?

१९४६ च्या अखेरीस बंगालमध्ये तेभागा आंदोलन सुरू झाले. बटाईने शेती कसणारा शेतकरी पिकाचा निम्मा वाटा मालकाला देत असे. तीन भागांपैकी दोन भाग कसणाऱ्याला मिळावेत ही त्याची मागणी. सोमनाथ रंगपूर जिल्ह्यात गेले, शेतकऱ्यांच्या झोपड्यांतून राहिले, रोजनिशी लिहिली आणि तिच्यासोबत माणसे रेखाटली. सभेला बसलेली माणसे, कापणी करणारे गडी, विचारात पडलेली म्हातारी. पुढे यातूनच त्यांनी लाकडावर कोरलेली चित्रे तयार केली.

इथपर्यंत ते रस्त्यावरचे चित्रकार होते. मग ते तांब्या-जस्ताच्या पत्र्याकडे वळले. एचिंग म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांसाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण ही विद्या आपल्या घरच्या भांड्यांपासून फार दूर नाही.

तांब्याचा एक गुळगुळीत पत्रा घ्यायचा. घासून तो आरशासारखा करायचा. कडा कानशीने उतरत्या करायच्या, नाहीतर छापताना कागद फाटतो. पत्रा किंचित तापवून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. हा थर सुकला की टोकदार सुईने त्यावर चित्र काढायचे. सुई तांबे खरवडत नाही, फक्त थर बाजूला करते. जिथे रेघ तिथे तांबे उघडे पडते. मग पत्रा तेजाबात ठेवायचा. सोनार वापरतात तेच नायट्रिक ॲसिड, पाणी घालून सौम्य केलेले. जिथे थर शाबूत आहे तिथे तेजाबाचे काही चालत नाही. जिथे तांबे उघडे आहे तिथे ते धातू खात जाते. थोडा वेळ ठेवला तर नाजूक रेघ, जास्त वेळ ठेवला तर खोल आणि काळी रेघ. (मुलांनो, हे घरी करायचे नाही. तेजाबाचा धूर छातीला अपायकारक असतो आणि ते अंगावर उडाले तर कातडी जाळते. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच.)

पुढे थर धुऊन काढायचा, पत्र्याला दाट शाई चोळायची आणि मलमलीसारख्या कापडाने वरची शाई पुसायची. शेवटचा हात तळव्याने फिरवायचा. वरचा पत्रा लखलखीत होतो, शाई फक्त खाचांत उरते. त्यावर ओलसर कागद ठेवायचा, वर लोकरीचे जाड कापड घालायचे आणि सगळे दोन लोखंडी रुळांमधून दाबून काढायचे. कागद खाचांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. चित्र उलटे उमटते. डावीकडचे उजवीकडे. म्हणून अक्षर काढायचे तर पत्र्यावर उलटे काढावे लागते. एका पत्र्यावरून पुष्कळ छाप निघतात आणि प्रत्येक छाप अस्सल असतो.

युरोपात चिलखतांवर आणि शस्त्रांवर नक्षी काढणारे कारागीर तेजाब वापरीत, त्यांच्याकडून पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास ही युक्ती छापण्याकडे आली. म्हणजे हिचा उगम कारखान्यातला आहे, महालातला नव्हे. हातोडा आणि भट्टी ज्यांच्या घरात आहे, त्यांच्या मुलांना ही कला परकी वाटण्याचे कारण नाही.

सोमनाथ हे काम बरेचसे पुस्तके वाचून आणि स्वतः चुका करीत शिकले. १९५८ साली ते दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवायला गेले आणि तिथला मुद्राचित्रण विभाग त्यांनी नावारूपाला आणला. एकाच पत्र्यावरून अनेक रंगांची एचिंग काढण्याचे प्रयोग त्यांनी केले. साठच्या दशकाच्या आरंभी ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाले. नाव झाले, स्थान मिळाले. पण १९६७ मध्ये त्यांनी दिल्ली सोडली आणि पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात मुद्राचित्रण शिकवू लागले.

तिथे त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. पत्र्यावर कोरणी चालते ती चीर आहे. तेजाब खाते तो व्रण आहे. तरुणपणी पाहिलेले बाँबचे घाव, दुष्काळातल्या माणसाच्या बरगड्या, यांचेच हे रूप आहे. मग त्यांनी शाईच टाकून दिली. मातीच्या किंवा मेणाच्या लादीवर सुरीने चिरा पाडल्या, तापलेल्या सळईने भोके पाडली, त्यावरून सिमेंटचा साचा घेतला आणि त्या साच्यात कागदाचा ओला लगदा दाबला. वाळल्यावर जो कागद निघाला तो संपूर्ण पांढरा. रंग नाही, रेघ नाही. फक्त पांढऱ्या कागदाच्या अंगावर फाटलेल्या, सुजलेल्या, शिवलेल्या जखमा. १९७१ सालापासूनच्या या चित्रमालिकेचे नाव 'जखमा'. त्या वर्षी सीमेपलीकडे, त्यांच्या जन्मभूमीत, काय चालले होते हे आपण जाणताच.

दिल्लीला एकदा मी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो होतो. त्यांच्या कामासमोर उभा राहिलो. शेजारी एक शाळकरी मुलगी आईला विचारीत होती, "यात तर काहीच काढलेले नाही." आई म्हणाली, "जरा बाजूने बघ." बाजूने पाहिले की उजेड त्या चिरांवर पडतो आणि सावली उमटते. मुलगी गप्प झाली. मीही गप्प झालो. इतकी वर्षे चित्रकला शिकवून मला जे सांगता आले नव्हते, ते त्या माउलीने चार शब्दांत सांगितले.

१९७४ च्या सुमारास ते ब्राँझच्या शिल्पांकडे वळले. मेणाचे पातळ पत्रे करायचे, कापायचे, दुमडायचे, सळईने जोडायचे. त्यातून एक माणूस उभा करायचा. मग त्यावर मातीचा साचा चढवून मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. आपले मूर्तिकार व ओतारी शेकडो वर्षे याच रीतीने काम करीत आले आहेत. ही शिल्पे बहुतेक लहान, टेबलावर मावतील एवढी. पोट खपाटीला गेलेला मनुष्य, लेकराला छातीशी धरलेली आई, हडकुळे कुत्रे. त्यांतून तो १९४३ चा रस्ताच पुन्हा उभा राहतो. माणूस पन्नाशी ओलांडून गेला, पण विशीत पाहिलेले विसरला नाही.

एक मोठे शिल्प त्यांनी केले होते. आई आणि मूल. व्हिएतनामच्या जनतेने जे सोसले, तिला वाहिलेले. ते पुरे झाले आणि १९७७ साली कलाभवनातून चोरीला गेले. पुन्हा कधीच सापडले नाही. या आघातानंतरही त्यांनी काम थांबवले नाही. पुन्हा मेण घेतले, पुन्हा पत्रे कापले. १ ऑक्टोबर २००६ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी ते वारले आणि २००७ मध्ये मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले.

मित्रहो, आता माझी कबुली.

नोकरीचे माझे तिसरे किंवा चौथे वर्ष असेल. शाळेचे इन्स्पेक्शन जवळ आले होते. कुंपणाच्या भिंतीला नुकताच चुना दिला होता. एके सकाळी त्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने काढलेले भले मोठे चित्र दिसले. एक माणूस भट्टीपुढे वाकून पातेल्याला कल्हई करतो आहे, शेजारी एक लहान मुलगा भाता ओढतो आहे. भात्याची घडी, माणसाच्या पाठीचा बाक, पातेल्यातून उठणारा नवसागराचा धूर, सारे अवघ्या दहा-वीस रेघांत. सातवीतल्या एका मुलाने ते काढले होते. त्याचे वडील कल्हईवाले. भाता ओढणारा मुलगा तो स्वतःच.

त्याचा हात चांगला आहे हे मला पहिल्या नजरेतच कळले होते, हे मी आपल्यापासून लपवीत नाही. आणि तरीही मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभे करून दोन छड्या मारल्या. बादली आणि चिंधी देऊन भिंत धुवायला लावली. कोळसा सहज जात नाही. भिंत राखाडी झाली आणि पुन्हा चुना द्यावा लागला. इन्स्पेक्शन उत्तम झाले. मला शाबासकी मिळाली.

त्या मुलाने ग्रेड परीक्षेला नाव दिले नाही. पुढच्या वर्षी त्याने शाळाही सोडली. घरची गरज होती हे खरेच. सगळा दोष माझा होता असे म्हणणे हाही एक प्रकारचा मोठेपणाच होईल. पण शाळेत थांबावे असे एक कारण त्याच्यापाशी होते, आणि ते मी त्याच्याच हाताने पुसून घेतले.

बऱ्याच वर्षांनी मुलीच्या लग्नाची भांडी घेतली आणि नाव घालायला बाजारात गेलो. दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ मशीन घेऊन बसले होते. मान वर न करता त्यांनी तांब्या हातात घेतला, नाव विचारले आणि कोरू लागले. अक्षर असे वळणदार, की मी पाहतच राहिलो. नावाखाली त्यांनी न सांगता एक छोटी वेल काढली. पैसे विचारले तर म्हणाले, "राहू द्या सर. तुमच्याकडून पैसे नको." तेव्हा मी ओळखले. काय बोलावे ते सुचेना. शेवटी एवढेच म्हणालो, "बेटा, ती भिंत मी धुवायला लावायला नको होती." ते हसले आणि म्हणाले, "सर, भिंत शाळेची होती. पण अब्बांनी ते चित्र पाहिले नाही, तेवढे वाईट वाटते."

तो तांब्या माझ्या घरी आहे. मुलीने नेला नाही, मीच ठेवून घेतला.

चितगावच्या भिंतीवर पोस्टर लावणाऱ्या मुलाला चित्तप्रसाद भेटले, जैनुल आबेदीन भेटले, सफीउद्दीन भेटले. माझ्या शाळेच्या भिंतीवर कोळसा ओढणाऱ्या मुलाला मी भेटलो. दोघांच्या हातांत किती अंतर होते ते मी सांगू शकत नाही. ते पाहण्याची वेळच मी येऊ दिली नाही.

पालकहो, आपल्या मुलाने चित्रकारच व्हावे असे मी म्हणत नाही. या धंद्यात पैसा अनिश्चित आहे. खुद्द सोमनाथ होर यांनीही वर्षानुवर्षे शिक्षकाची नोकरी केली. काही घरांत माणसाचे चित्र काढण्याविषयी संकोच असतो, तोही मी जाणतो. मी धर्मशास्त्राचा जाणकार नाही, त्या वादात पडत नाही. पण हात एकदा वळला की तो सुलेखन करील, नक्षी काढील, घराचा नकाशा काढील, यंत्राचा आराखडा काढील. बीजगणितात मागे पडलेले मूल रेघेत पुढे असेल, तर तेवढ्याने ते 'ढ' ठरत नाही. तालीम म्हणजे फक्त पाठांतर नव्हे. हुनर हीसुद्धा तालीमच आहे.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली पालकांना. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना मुलांना बसवा, मुलींना तर अवश्य बसवा. दुसरी विद्यार्थ्यांना. छापचित्र काढायला यंत्रच लागते असे नाही. लिनोलियमचा तुकडा, कोरणी, शाई आणि कागद एवढे पुरते. कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीने घासला की छाप उमटतो. कोरताना मात्र दुसरा हात कोरणीच्या पुढे ठेवू नका. आपल्या घरचा धंदा कोरा. शिलाईचे मशीन, मासळीची टोपली, गॅरेज, भट्टी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तिसरी विनंती संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना. शाळेच्या आवारातली एक भिंत मुलांना द्या. एकच भिंत. तिला दर वर्षी चुना द्या आणि दर वर्षी मुलांना ती भरू द्या. आणि संमेलनाच्या दिवशी पालकांना आधी त्या भिंतीपाशी न्या, मग मंडपात. कोणाच्या तरी अब्बांनी, कोणाच्या तरी अम्मींनी आपल्या लेकराचे चित्र पुसले जाण्याआधी पाहावे, एवढेच माझे मागणे आहे. चुन्याचा खर्च यंदाच्या वर्षी माझ्याकडे लागू.